अहिरे सर प्लीज म्हणू लागले तेव्हा

अहिरे सर गेले, त्याला या दिवाळीत वर्ष होईल. शाळेतल्या आठवणी लिहून द्या, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी मुद्दाम दुसरा विषय शोधत होते. कॉपीच्या गमती, स्नेहसंमेलनातल्या फजित्या, असं काहीतरी. पण कागद समोर घेऊन बसले की दर वेळी त्यांचाच आवाज कानावर यायचा. म्हटलं, असू दे. नोकरीत असताना त्या आवाजापुढे मला कधी बोलता आलं नाही, आता तरी कशाला अडवायचं.

आवाज म्हणजे खरोखरचा आवाज. पंचवटीतल्या आमच्या मराठी शाळेत ते वरच्या मजल्यावर आठवीला इंग्रजी शिकवत आणि त्यांच्या बरोबर खाली मी सहावीला. वर ते फळ्याशी जे बोलत, ते माझ्या वर्गातली मुलं वहीत उतरवून घेत. हे मी वाढवून सांगत नाही. सहावीच्या वह्या तपासताना मला आठवीच्या धड्यातलं एक अख्खं वाक्य सापडलं होतं, आणि ते माझ्या वाक्यांपेक्षा सुवाच्य लिहिलेलं होतं.

इंग्रजी शिकवणं म्हणजे धडे, कविता, व्याकरण आणि पत्रलेखन, असं बाहेरच्यांना वाटतं. ते असतंच. पण मराठी शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकाला आणखी एक काम असतं. तासाला त्यानं त्या भाषेत बोलायचं असतं. नव्वदच्या सुमारास आमच्या मुलांना घरी इंग्रजी ऐकू येत नसे, गल्लीत येत नसे. जे काय कानावर पडेल ते आमच्याच तोंडून. आणि आमच्या तोंडून काय पडत होतं? सिट डाउन. स्टँड अप. शट अप. गेट आउट. पाचवीत नव्यानं आलेल्या एका मुलाला मी विचारलं होतं, "तुला इंग्रजी येतं का रे थोडं?"

"येतं ना बाई," तो म्हणाला. "रागवायचं येतं."

त्या उत्तरावर मी बरेच दिवस विचार करत होते. मी मुळात पुस्तकातली बाई. बोलण्यापेक्षा वाचणं मला सोपं जातं. इंग्रजी कसं शिकवावं याची जी पुस्तकं शाळेच्या कपाटात होती, ती बहुतेक मी एकटीनंच वाचली असावीत. त्यांत सांगितलं होतं की वर्गातल्या साध्या सूचनासुद्धा सभ्य इंग्रजीत द्याव्यात, म्हणजे मुलांना ती भाषा वापरायची सवय लागेल. मी मनावर घेतलं. प्लीज ओपन युवर बुक्स. थँक यू, सविता. वुड यू क्लीन द बोर्ड, प्लीज? मुलं आधी हसली, मग त्यांना चटक लागली. खडू दिला तरी थँक यू, परत घेतला तरी थँक यू.

सहावीतली सविता मूळची लासलगावची. नाशिकला मामांकडे राहून शिकत होती. दिवाळीच्या सुटीनंतर एका सकाळी तिचे वडील शाळेत आले. लासलगावच्या बाजारात त्यांची कांद्याची आडत होती, म्हणजे शेतकऱ्यांचा माल ते लिलावात विकून देत. दिवसभर ट्रॅक्टरच्या गर्दीत ओरडून बोलायची सवय असलेला माणूस, पण माझ्यासमोर टोपी हातात घेऊन अवघडून उभा होता.

"बाई, पोरीला जरा सांगा."

"काय झालं?"

"घरी थँक्यू म्हणती. आईनं भाकरी वाढली की थँक्यू. पाणी दिलं की थँक्यू. तिची आई तीन दिवस रडती हाय. म्हणती, पोरगी परकी झाली. माझ्या हातची भाकरी खाऊन आभार मानती, मी काय खानावळवाली हाय का?"

मी त्यांना समजावलं की ती रीत इंग्रजीतली आहे, आईचा अपमान करायचा नव्हता तिला. ते मान हलवत राहिले. जाताना म्हणाले, "शिकवा तुम्ही, पण ते शाळेतच ऱ्हाऊ द्या. आमच्यात आईला थँक्यू म्हणत नाय."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. आपण सभ्य नाही असं नव्हे, आपली सभ्यता दुसरीकडे बसलेली असते. 'जरा फळा पूस रे' यात प्लीज नाही, पण 'जरा' आहे आणि 'रे' आहे. घरच्या माणसाला तेवढं पुरतं. इंग्रजीत हुकुमाला प्रश्नाचा अंगरखा घालावा लागतो. मी मुलांना तो अंगरखा शिवायला शिकवत होते, आणि तो घालून ती स्वयंपाकघरात जात होती.

अहिरे सर आले ते त्यानंतर एक-दोन वर्षांनी. सटाण्याकडचे. उंच, सावळे, शर्टाच्या बाह्या कायम दुमडलेल्या. भाषा स्वच्छ होती, पण जीव गुंतला की अहिराणी बाहेर यायची. "काय शे भो हे," म्हणजे 'काय आहे भाऊ हे', असं म्हणून ते एखादं विशेषण फळ्यावर ठोकत. याआधी दोन शाळांनी त्यांना वर्ष संपताच मोकळं केलं होतं. आमच्याकडे ते प्रोबेशनवर होते. पत्नी आणि लहान मुलगी सटाण्यालाच. दर शनिवारी शाळा सुटली की ते एसटीनं तिकडे जात आणि सोमवारी सकाळी डोळे चोळत परत येत. इथे एका खोलीत आणखी दोघांबरोबर राहत.

"बिऱ्हाड आणा ना इकडे," मी एकदा म्हणाले.

"कायम झालो की आणतो, बाई. दोनदा बिऱ्हाड केलं, दोनदा मोडलं. पोरगी आता ट्रंक उघडली की रडते."

त्यांच्या वर्गाची एक रीत होती, ती मात्र मी दुसऱ्या कुठल्या शाळेत पाहिली नाही. शाळेला लागून वसतिगृह होतं. पेठ, सुरगाणा, वणीकडची मुलं तिथे राहत. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना यशवंत गावित नावाचा एक मुलगा उठला आणि सरांनी विचारलं म्हणून म्हणाला, "सुरगाण्याचा हाय मी." शहरातली मुलं त्याच्या बोलण्याला पाचवीपासून हसत, तशी हसली. सरांनी खडू खाली ठेवला.

"सुरगाणा? वा. मी सटाणा. आपण दोघं डोंगराकडचे, बाकी हे सगळे सपाटीवरचे. आजपासून तू सुरगाणा. बस ना भो."

दुसऱ्या दिवशी एक मुलगा उठून म्हणाला, "सर, मी वणी." तिसऱ्या दिवशी सगळ्यांनाच गाव हवं झालं. सविता आता आठवीत होती, ती लासलगाव झाली. शहरातल्या मुलांची पंचाईत झाली. "सर, माझं गाव नाशिकच आहे."

"नाशिक लई मोठं. गल्ली सांग."

मग कुणी रविवार कारंजा झाला, कुणी मखमलाबाद नाका, एक मुलगी गंगाघाट. दिवसभर वरून ऐकू यायचं, "ए वणी, झोपला का? लासलगाव, तू वाच. हां, आता पुढं मखमलाबाद नाका." रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला वाटावं, वरच्या मजल्यावर एसटीचा कंट्रोलर बसला आहे. पण त्या वर्गात एकही मूल गप्प बसलेलं नसे.

गडबड झाली ती सेमी-इंग्रजीमुळे. संस्थेनं आमच्याकडे सेमी-इंग्रजी तुकड्या सुरू करायचं ठरवलं. त्याच महिन्यात एका पालकाची तक्रार आली की आठवीला इंग्रजीचे सर मुलांशी बाजारात बोलावं तसं बोलतात. संस्थेचे सचिव आण्णासाहेब शाळेत आले. पांढरे कपडे, कमी शब्द. मुख्याध्यापकांच्या खोलीत त्यांनी मला बोलावलं, कारण इंग्रजी विभाग माझ्याकडे होता.

"पाटणकरबाई, तुमच्याबद्दल ऐकून आहे. तुम्ही मुलांना प्लीज म्हणता."

"हो."

"मग या अहिऱ्यांना शिकवा. त्यांचं प्रोबेशन संपतंय. पुढच्या महिन्यात त्यांचा पाठ बघू, बाहेरून एक प्राध्यापक आणू. भाषा सुधारली तर कायम. नाही तर सेमीला साजेसा माणूस शोधू."

अशा रीतीनं मी अहिरे सरांची सभ्यतेची शिक्षिका झाले. शाळा सुटल्यावर आम्ही ग्रंथालयात बसायचो. ते पाठीचा कणा ताठ करून, एखाद्या मुलासारखे.

"खिडकी बंद करायला सांगा," मी म्हणायचे.

"क्लोज द विंडो."

"जरा वळसा घाला. वुड यू माइंड क्लोजिंग द विंडो?"

त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "बाई, एवढं बोलेपर्यंत पाऊस आत येईल."

"येऊ दे. हळू म्हणा."

"हळूच म्हणतोय."

बाहेर व्हरांड्यात शिपाईमामा दचकून उठल्याचं मला दिसलं. आवाजाचं काही करता येणार नाही, हे आम्ही दोघांनी त्याच दिवशी मान्य केलं. शब्दांचं करायचं ठरलं. गावांच्या हाका बंद. मुलांना मिस्टर आणि मिस. दर सूचनेला प्लीज, दर उत्तराला थँक यू. मन लावून शिकत होते ते. मधल्या सुटीत डबा खातानाही पुटपुटत, "वुड यू लाइक, वुड यू काइंडली." एकदा त्यांनी मला लोणचं हवं का हे इतकं शुद्ध विचारलं की मी नको असूनही घेतलं.

वर्गात पहिला प्रयोग केला त्या दिवशी ते शिक्षकांच्या खोलीत आले आणि खुर्चीत धपकन बसले.

"काय झालं?"

"त्या गावितला म्हटलं, मिस्टर गावित, वुड यू लाइक टु रीड?"

"मग?"

"तो उठला. विचार केला. म्हणाला, नो सर, थँक यू सर. आणि बसला."

मी हसू दाबलं.

"हसू नका बाई. इतकं सभ्य बोलला की रागवता येईना. तुमच्या पुस्तकात याच्या पुढचं पान कुठंय?"

पुढचं पान नव्हतं. वुड यू लाइक म्हणजे वाच, हे त्या मुलाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला आवड विचारली गेली होती आणि त्यानं खरं उत्तर दिलं होतं. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी सुरगाण्याचा मुलगा पाहिला नव्हता.

पण खरा घोळ त्याहून वेगळा होता. तो मला सवितानं सांगितला. एका दुपारी ती आणि तिची मैत्रीण सहावीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, अहिरे सर आमच्यावर रागावलेत का?"

"का गं?"

"ते आता प्लीज म्हणतात. मला मिस म्हणाले."

"मग ते चांगलंच आहे की."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सविता म्हणाली, "बाई, सर लोक केव्हा असं बोलतात ते ठाऊक आहे ना आम्हाला. गणिताचे सर उशिरा आलेल्याला म्हणतात, या महाराज, बसा, चहा मागवू का? आणि मग पट्टी काढतात. आमचे सर तसं कधी बोलले नव्हते. आमचं काय चुकलं ते तरी सांगा."

मैत्रीण म्हणाली, "गावित म्हणतो, सर शाळा सोडून चाललेत. जाणारी माणसं गोड बोलतात, असं म्हणतो."

मी त्यांना एवढंच सांगितलं की सर रागावलेले नाहीत आणि त्यांना जायचंही नाही, ते सध्या एक गोष्ट शिकत आहेत. त्या गेल्या, पण मला मात्र बसून राहावं लागलं. आमच्या शाळांत आदराची भाषा मुलांच्या वाट्याला फक्त टोमण्यातून आलेली होती. 'अहो' आलं की मागून छडी येणार, हे तीन-चार वर्षांतच मूल शिकतं. माझ्या प्लीजला सहावीची मुलं भ्यायली नव्हती, कारण मी पहिल्यापासून तशीच बोलत होते. मी मुळातच थोडी परकी होते. अहिरे सर घरचे होते, आणि घरच्या माणसानं एकाएकी अहो-जाहो सुरू केलं की घरात काहीतरी बिनसलं आहे असंच कुणालाही वाटेल.

हे मी त्यांना सांगितलं.

"मग काय करू? पहिल्यासारखा बोललो तर ते आण्णासाहेब घालवतील. असा बोललो तर पोरं घाबरतात."

"पाठ होईपर्यंत तरी असंच चालू द्या," मी म्हणाले. मला दुसरं काही सुचलं नाही.

पाठाच्या दिवशी आम्ही चौघं आठवीच्या वर्गात मागच्या बाकांवर बसलो. आण्णासाहेब, मुख्याध्यापक, मी, आणि कॉलेजातून निवृत्त झालेले एक प्राध्यापक. म्हातारे, बारीक, स्वेटर घातलेले. त्यांना बाक लहान पडत नव्हता, आण्णासाहेबांना पडत होता.

अहिरे सर आत आले. शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत खाली, बटणं लावलेली. "गुड मॉर्निंग. प्लीज बी सीटेड."

मुलं बसली, पण बाकाच्या कडेला, उठायच्या तयारीत. सविता आणि मंडळींनी दरम्यान काय ठरवलं होतं, ते लवकरच कळलं. सर प्लीज म्हणायला शिकत आहेत, तर आपण त्यांना साथ द्यायची. एका मुलानं हात वर केला.

"सर, प्लीज, मे आय काइंडली गिव्ह आन्सर, प्लीज सर?"

"यस, प्लीज."

"थँक यू सर." त्यानं उत्तर दिलं, एका शब्दाचं.

"थँक यू."

"वेलकम सर. थँक यू सर."

दर उत्तरामागे हा सोहळा. वणीनं खाली पडलेली पट्टी उचलायची परवानगी मागितली, ती मिळाल्यावर आभार मानले, उचलून झाल्यावर पुन्हा मानले. अर्धा तास होत आला तरी धड्याचा पहिला परिच्छेद संपला नव्हता. आण्णासाहेबांनी घड्याळ पाहिलं. मुख्याध्यापक छताकडे पाहत होते. प्राध्यापकांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. अहिरे सरांच्या कपाळावर घाम होता, आणि तो मोठा आवाज कुठेतरी आत अडकला होता. मी इतकी वर्षं ज्या आवाजाला वैतागले, तो परत यावा म्हणून मी देवाचं नाव घेत होते.

"मिस्टर गावित," सर म्हणाले. वर्गानं श्वास रोखला. मीही. "वुड यू लाइक टु रीड?"

गावित उठला. पुस्तक हातात होतं. आमच्याकडे एकदा वळून पाहिलं, मग सरांकडे. त्याचे ओठ हलत होते, वाक्य जुळवत असावा.

"यस सर. बट सर," तो म्हणाला. पुढचं इंग्रजी त्याच्याजवळ नव्हतं, म्हणून जे होतं ते त्यानं वापरलं. "प्लीज, सुरगाणा म्हणा ना."

सरांनी आधी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काही खूण केली नाही. खरं म्हणजे काय खूण करावी ते मला कळलं नाही. सरांनी उजव्या बाहीचं बटण काढलं.

"बरं," ते म्हणाले. "कम ऑन, सुरगाणा. रीड."

गावितनं वाचलं. अडखळला तिथे सर म्हणाले, "थांब. पुन्हा. हां, अस्सं." मग लासलगाव वाचू लागली, मग वणी. कुणीतरी "सर, मी, मी" म्हणालं. खाली सहावीत माझ्या जागी पाठवलेल्या बाईंनी नंतर सांगितलं की तेवढ्या वेळात त्यांच्या मुलांनी आठवीचा अर्धा धडा उतरवून घेतला.

मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा आला. अहिरे सरांना बाहेर थांबायला सांगितलं होतं. आण्णासाहेबांनी कप बाजूला ठेवला.

"पहिला अर्धा भाग म्हणजे नाटक. दुसरा अर्धा म्हणजे एसटी स्टँड. लासलगाव, वणी, सुरगाणा. ही काय शाळेची भाषा झाली? मला वाटतं, आपण दुसरा माणूस बघू."

"बघायला हरकत नाही," मुख्याध्यापक म्हणाले. आण्णासाहेबांपुढे त्यांची कशालाच हरकत नसे.

अशा बैठकांत मी कधी बोलत नसे. विचारलं तर उत्तर द्यायचं, नाही तर चहा प्यायचा. त्या दिवशी कुणी विचारलं नव्हतं.

"मला बोलायचंय," मी म्हणाले. आवाज नको तितका मोठा निघाला, हे मलाच ऐकू आलं. "मी इतकी वर्षं वर्गात प्लीज म्हणते. मुलं माझ्यामागून म्हणतात. पण ते पाढ्यासारखं. आज त्या मुलाला काहीतरी हवं होतं. चार पाहुण्यांसमोर, सरांकडे त्यानं ते मागितलं. खरोखर मागण्यासाठी प्लीज वापरणारा हा माझ्या पाहण्यातला पहिला मुलगा. तो माझ्या वर्गातून पाचवी-सहावी अशी दोन वर्षं शिकून गेला, पण माझ्याकडे त्यानं कधी काही मागितलं नाही. मला, बाई अमुक म्हणू नका, तमुक म्हणा, असं सांगायची कुणाची छाती झालेली नाही."

म्हातारे प्राध्यापक म्हणाले, "इंग्रजी ठीक आहे माणसाचं. प्लीज जरा कमी करा म्हणावं." आणि त्यांनी बिस्किट चहात बुडवलं.

आण्णासाहेब माझ्याकडे पाहत होते. "गावाच्या नावानं हाक मारलेली मुलांना आवडते?"

"शहरातल्या मुलांनी गल्ल्या मागून घेतल्यात."

"हं." त्यांनी कप पुन्हा ओढला. "मी वणीकडचा. इथे शिकायला आलो तेव्हा आमचे मास्तर मला 'ए खेडवळ' म्हणायचे. नाव होतं मला, पण सातवीपर्यंत खेडवळच. वणी म्हणाले असते तर चाललं असतं." मग ते मुख्याध्यापकांना म्हणाले, "कायम करा. पण एक अट. पाहुणे आले की प्लीज म्हणायचं."

"त्याला हरकत नाही," मुख्याध्यापक म्हणाले.

मी बाहेर आले. अहिरे सर मैदानाच्या पायरीपाशी उभे होते, आणि थोड्या अंतरावर, काहीतरी काम असल्यासारखा, गावित उभा होता. सांगायला मी मनात एक छानसं वाक्य जुळवलं होतं. ते मी विसरले.

"झालं," मी म्हणाले. "कायम झालात."

मला वाटलं होतं की गोदावरीपलीकडे ऐकू जाईल असं काहीतरी ते ओरडतील. ते पायरीवर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मैदानाकडे पाहत राहिले. गावित माझ्याजवळ सरकला.

"बाई, सरांना काय झालं?"

"काही नाही. सर आता इथेच राहणार."

"मग आता नीट बोलतील ना आमच्याशी?"

"ए सुरगाणा," पायरीवरून आवाज आला. "बाईंना काय विचारतोस? इकडं ये. तुझ्या वसतिगृहाच्या बाजूला खोल्या हायेत का रे कुठं? बिऱ्हाडासाठी."

"हायेत ना सर. मागं एक आजी ऱ्हाते, तिच्याकडं दोन रिकाम्या हायेत. किती माणसं सर?"

"तिघं," अहिरे सर म्हणाले.

मी त्यांना हळू बोलताना ऐकलं ते एवढंच.